गोठ्यातली रेंज

मार्गशीर्षातला गुरुवार. सकाळी मी आबांच्या गोठ्यात शेण काढत होते. गोठा माझा नाही, म्हशी माझ्या नाहीत. मी इंटरनेटसाठी आले होते.

आमची वस्ती भिगवणच्या अलीकडे, उजनीच्या पाण्याला लागून. आम्ही मासे धरतो, निवडतो, विकतो. वस्ती खोलात, मोबाईलला रेंज नाही. गावासाठी सरकारी इंटरनेट आलं, तेव्हा त्याची पेटी पंचायतीत बसवायची होती. पण पंचायतीत वीज टिकत नाही आणि आबांकडे इन्व्हर्टर. शिवाय आबा माजी सरपंच. पेटी त्यांच्या माजघरात लागली. ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर केले. वस्तीनेही केले.

तेव्हापासून रेशनचं, शाळेचं, दवाखान्याचं, जे काही मोबाईलवर करायचं ते आबांच्या दारात. घरात आम्हाला घेत नाहीत. नेट गोठ्याच्या भिंतीपर्यंत येतं, तिथं उभं राहायचं. पासवर्ड त्यांची सून स्वतः टाकते, सांगत नाही, निघताना मोबाईलमधून पुसूनही टाकते. आणि टाकायच्या आधी म्हणते, "तवर एवढं आवरून घ्या." कधी अंगण, कधी भांडी, कधी गोठा. हे कुणी ठरवलं नव्हतं. कुणी नाहीही म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी सासूला आणलं होतं. जन्मभर मासे साफ करून तिचा अंगठा गुळगुळीत झालाय. रेशन दुकानाच्या मशीनवर उठत नाही. दुकानदार म्हणाला, मोबाईलवर चेहरा दाखवून ओळख पटवा, महिनाअखेरपर्यंत. नाहीतर म्हातारीचं नाव कार्डातून उडेल. तिचा खुबा मोडलेला. रेंज मिळते ती थेट हायवेला, आणि तिथवरच्या खाचखळग्यांतून तिला नेणं शक्य नाही. म्हणून माशांच्या हातगाडीवर गोधडी टाकली, तिला बसवलं आणि आबांच्या गोठ्यापर्यंत ढकलत आणलं.

मी शेण काढलं. सुनेनं पासवर्ड टाकला. मोबाईल सासूच्या तोंडासमोर धरला.

"आत्या, डोळं मिटा आन् उघडा."

"या वयात कुणाला डोळा मारायला लावतीस गं?"

मी हसले. पडद्यावर चक्र फिरत होतं. तेवढ्यात सून ओसरीवरून म्हणाली, "गाडी जरा लांब घ्या. आज घट मांडलाय. वास घरात येतोय."

गाडी मागं घेतली. नेट तुटलं.

पुन्हा जवळ आणली. पुन्हा लांब न्यायला लावली. मग सून म्हणाली, "असं करा, पाटीतल्या शेणाच्या गोवऱ्या लावा तवर. पूजा उरकली की बघू."

मी काही बोलायच्या आत सासूनं गाडीवरून हात पुढं केला. "दे पाटी हिकडं. मला बसल्या बसल्या थापता येतंय. तू मोबाईल बघ."

खुबा मोडलेली बाई. उभं राहता येत नाही. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. नेट हवं तर हात शेणात घालायचे, हे ती आपणहून धरून चालली होती. वस्तीतली प्रत्येक बाई धरून चालली होती. सकाळपासून मीही तेच करत होते.

पाटी मी खाली ठेवली. हौदावर हात धुतले. आबा ओसरीवर पेपर वाचत होते.

"आबा, नेटची पेटी कुणाची हाय?"

"पंचायतीची. का गं?"

"आन् शेण?"

"शेण आमचं."

"मग ते तुमी काढा."

आबांनी पेपरची घडी घातली. आवाज चढवला नाही. त्यांना तो कधी चढवावा लागत नाही. "बरं. मग नेट बी तुझं तू बघ." आणि सुनेला म्हणाले, "पासवर्ड बदल. वस्तीतलं कुणी आलं तर सांग, तुमच्याच बाईनं बंद केलंय."

काम न होताच सासूला घरी आणलं.

संध्याकाळी शेजारीण दारात आली. तिच्या मुलीचा कॉलेजचा अर्ज अडकलेला. "तुझ्या एकटीच्या ताठ्यापायी आमी सगळ्यांनी मरायचं का? जा, आबांचं पाय धर."

तिचं खोटं नव्हतं. एका भिंतीला आम्ही सगळ्याच बांधलेल्या.

"मी जाणार न्हाय," मी म्हणाले. "आन् तुझी पोरगी उद्या तितं शेण काढणार हाय का? ते सांग."

ती तरातरा निघून गेली. सासू भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं एवढंच विचारलं, "माझं नाव गेलं तर?"

मी तिच्या अंगावर गोधडी ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मासे निवडायला गेले नाही. सासूला गाडीवर बसवलं आणि गाडी पंचायतीच्या दारात आडवी लावली. ग्रामसेवक आले, चावी हातात.

"बाई, गाडी काढा. मला कुलूप उघडायचंय."

"पेटी हितं आणा. वीज जाती तर बॅटरी बसवा. तवर गाडी निघणार न्हाय."

"आबांना विचारावं लागंल."

"तुमी विचारा. मी विचारणार न्हाय."

ते आबांच्या घराकडे निघाले. मी दोन दगड शोधून आणले आणि चाकांखाली घट्ट बसवले.