गुळगुळीत हिरड्या

साचेकाकांच्या भुवया बारा महिने पांढऱ्या असायच्या. वयाने नव्हे, प्लास्टरने. दाताच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत ते बसायचे आणि त्या खोलीला खिडकी नव्हती, एक पंखा होता, तोही प्लास्टर उडतं म्हणून बंद. मी पुढच्या खोलीत. पेशंट मला सिस्टर म्हणायचे. मी काही नर्स नव्हे. नावं पुकारणं, हत्यारं उकळणं, लाळ ओढायची नळी धरणं आणि रडणाऱ्या पोरांना दटावणं, ही माझी कामं. शेवटच्या कामात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. हे मी अभिमानाने सांगत नाही.

डॉक्टर पेशंटच्या दातांचं माप घ्यायचे. मऊ गुलाबी लगदा भरलेला ट्रे दातांवर दाबायचा, घट्ट झाला की काढायचा. तो ट्रे मागे गेला की काका रबराच्या वाटीत प्लास्टर कालवून त्यात ओतायचे. तासाभराने त्या माणसाचे दात हिरड्यांसकट टेबलावर. तोच साचा. माणसांची नावं काकांच्या लक्षात राहायची नाहीत. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर हे बावळटासारखे बघत उभे. तो हसला की लगेच, "अरे, तुमचा तो उजवा सुळा! कसा आहे?" स्वतःचे दात चाळिशीतच गेलेले, तोंडात स्वतःच्याच हातची कवळी. "दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात नव्हते, म्हणून मी दातच बनवायला लागलो," असं नव्या पेशंटला सांगून हसवायचे. आम्ही हा विनोद इतक्यांदा ऐकला होता की मी त्यांच्याआधी शेवट करायचे.

त्यांचा एक चाकू होता, झिजून झिजून बोटाएवढा उरलेला. मापात हवेचा बुडबुडा राहिला की साच्यावर तांदळाएवढा फुगवटा येतो. तो चाकूच्या टोकाने उडवायचा, ही त्या धंद्यातली रोजची रीत. काकांचा साचा हातात घ्यावा तर साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. बाकीच्यांचे साचे बघून ते नाक मुरडायचे.

खारूताई पहिल्यांदा आली तेव्हा नऊ वर्षांची होती. पुढचे दोन दात जरा मोठे, म्हणून काकांनी हे नाव ठेवलं आणि तिला ते आवडलं. सातव्या वर्षापासून तिला मधुमेह. दिवसातून चार वेळा इन्सुलिनची सुई, आणि ती सुई ती स्वतः टोचून घ्यायची, आमच्या खुर्चीत बसून, कोणी बघतंय याची पर्वा न करता. आई शिवणकाम करायची. तिच्या ब्लाउजच्या खांद्यावर कायम दोन टाचण्या. मधुमेहाच्या मुलांच्या हिरड्या लवकर सुजतात म्हणून म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला सहा महिन्यांनी एकदा यायला सांगितलं होतं, आणि पुढे दातांना तारा लावायच्या म्हणून वर्षातून एकदा साचा करायचा होता.

पहिला साचा निघाला तेव्हा ती काकांच्या कोपराशी उभी होती. "माझे दात दाखवा," म्हणाली. काकांनी साचा तिच्या तळहातावर ठेवला. खालच्या दातांच्या मुळाशी हिरड्या फुगलेल्या, प्रत्येक दाताशी एक छोटं गळू असल्यासारख्या. तिने बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"शी. हे माझं तोंड आहे?"

"थांब गं, अजून साफ नाही केलं," काका म्हणाले. त्यांनी साचा परत घेतला, चाकू उचलला आणि एकेक फुगवटा हळूच खरवडून काढला. वरून ओलं बोट फिरवलं. "आता बघ."

ती हसली. तिचं हसणं बघून काकाही हसले. मी दारात उभी होते. "काका, तिच्या हिरड्या काही अशा नाहीत," मी म्हटलं. "असू दे की," ते म्हणाले, "पोरीला बघायचंय ते." मलाही त्यात काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू? तो खरवडलेला चुरा मीच झाडून टाकला.

पुढे दर वर्षी तेच. दहाव्या वर्षी, अकराव्या, बाराव्या. साचा निघायचा, काका हिरड्या गुळगुळीत करायचे आणि मगच तिला आत बोलवायचे. चारही साचे तिच्या नंबराच्या चिठ्ठ्या लावून फळीवर ओळीने बसलेले.

तिकडे तिची साखर उतरेना. आई मोजून खायला घालायची, वेळेवर सुया, तरी आकडा वरच. आईने मला विचारलं, "सिस्टर, असं का होत असेल हो?" मी त्यातली तज्ज्ञ ना! मी म्हटलं, "पोरं चोरून खातातच. साखरेचे डबे वर ठेवा." आईने डबे वर ठेवले, मग कुलपात ठेवले. पोरगी शपथा घेऊन सांगायची की मी नाही खाल्लं. एकदा तिच्या गालावर चार बोटं उमटलेली मी पाहिली. आई मान खाली घालून म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला सांगायचं?" मी पोरीलाच दटावलं. म्हटलं, खोटं बोललं की आजार वाढतो.

बाराव्या वर्षी तिने मला एक लाल दोऱ्याचं रीळ दाखवलं. आईच्या शिवणाच्या डब्यातलं. "मी रोज खाऊच्या कपाटाला हा बांधते," ती हळूच म्हणाली. "माझी वेगळी गाठ आहे. कोणी सोडली तर मला कळतं."

"कोण सोडणार?"

"मीच. झोपेत. मला आठवत नाही, पण सगळे म्हणतात म्हणजे खात असणार." मग जरा थांबून म्हणाली, "गाठ रोज तशीच असते, सिस्टर. तरी साखर वाढते."

तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी मागे जाऊन काकांना हे गंमत म्हणून सांगितलं. काका हसले नाहीत.

त्याच वर्षी म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि नव्या मॅडम आल्या. हुशार, हात हलका, पण ही मुलगी त्यांनी आधी कधी पाहिलेली नव्हती. जुन्या डॉक्टरांनी सुजेबद्दल लिहिलेलं असेलही, पण त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मॅडमनी तिचं तोंड बघितलं, हिरड्या सुजलेल्या दिसल्या. मग फळीवरचे चारही साचे मागवून टेबलावर ओळीने मांडले. "चार वर्षं हिरड्या छान आहेत. म्हणजे ही सूज आत्ताची आहे, साफ केली की उतरेल," त्या म्हणाल्या. एक्स-रे काढायचं ठरलं होतं, ते पुढच्या खेपेवर गेलं आणि राहूनच गेलं. काका दारात उभे होते, हातात रबराची वाटी. त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मीही मिटूनच होते.

तारा लागल्या. आठ महिन्यांत खालचे पुढचे दोन दात हलायला लागले. आता एक्स-रे निघाला, तर त्या दातांखालचं हाड जवळजवळ संपलेलं. वर्षानुवर्षांची गोष्ट, आत्ताची नव्हे. दोन्ही दात काढावे लागले. मॅडम आईला समजावत होत्या: साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या अशा बिघडलेल्या राहिल्या की साखरही उतरत नाही. साखर आणि हिरड्या म्हणजे एका घरातल्या जावा, एकीचं बिनसलं की दुसरीही भांडं आपटणार. "ती काही न खाताही साखर वर राहू शकते," मॅडम म्हणाल्या. आईचं लक्ष उपटलेल्या दातांकडे होतं. ते वाक्य तिच्या कानावरून गेलं. दारात उभ्या असलेल्या काकांच्या कानात मात्र ते जाऊन बसलं.

त्यानंतर काकांचं काहीतरी बिनसलं. दुपारी दवाखाना बंद असायचा तेव्हा मागच्या खोलीतून खरवडल्याचा आवाज यायचा. मी आत जायचे तर चाकू खणात आणि काका हात मांडीवर ठेवून बसलेले. "तुलाही ऐकू आलं?" ते विचारायचे. मी नाही म्हणायचे. त्यांनी तिच्या साच्यांवर टॉवेल टाकला. एके दिवशी मला बोलावून म्हणाले, "ताई, जरा अंगठा फिरव इथे. परत आलंय." बाराव्या वर्षाचा साचा. डोळ्यांना तर गुळगुळीत दिसत होता. मी त्यांची समजूत काढायला म्हणून अंगठा फिरवला, आणि दातांच्या मुळाशी मला एकेक फुगवटा लागला. एक, दोन, तीन, चार. मी हात झटकन काढला आणि म्हटलं, "काही नाही काका, तुमचा भास आहे." घरी जाऊन तीनदा साबणाने अंगठा धुतला. आजही कधीकधी भांडी घासताना तो फुगवटा अंगठ्याला लागतो.

दोन खोट्या दातांची पट्टी करायची म्हणून खारूचं शेवटचं माप आलं. काकांनी साचा ओतला, काढला आणि चाकूला हात लावला नाही. त्यावरच पट्टी केली. तीन दिवसांनी मायलेकी ती न्यायला आल्या. पट्टी बसवून झाली, मॅडम हात धुवायला गेल्या, तेवढ्यात काका पुढच्या खोलीत आले. एकवीस वर्षांत पेशंट बसलेला असताना ते पुढे आल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या हातात ट्रे होता, त्यात पाच साचे. चार गुळगुळीत, एक ओबडधोबड.

"बाई," ते आईला म्हणाले, "हे चार खोटे आहेत. हिरड्या पहिल्यापासून या पाचव्यासारख्या होत्या. मी खरवडल्या. हिला वाईट वाटू नये म्हणून. मॅडमनी हे बघितले आणि त्या फसल्या. साखर त्या हिरड्यांमुळेही उतरत नव्हती. पोरगी खोटं बोलत नव्हती. चोर सोडून तुम्ही संन्याशाला फाशी दिलीत, आणि चोर मागच्या खोलीत बसून होता."

"मी पण होते," मी म्हटलं.

आई कधी काकांकडे बघत होती, कधी साच्यांकडे. मला वाटलं, ट्रे त्यांच्या अंगावर फेकेल. फेकायला हवा होता. बोलली ती खारू.

"म्हणजे मी झोपेतसुद्धा खात नव्हते?"

"नाही गं बाळा," काका म्हणाले. "एकदाही नाही."

आईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. हात तिच्या गालाजवळ गेला तशी पोरीने मान चुकवली. मुद्दाम नव्हे, सवयीने. आईचा हात तसाच हवेत राहिला.

खारूने पाचवा साचा उचलला. नवव्या वर्षी जो बघून शी म्हणाली होती, तसाच हा. तिने सगळ्या फुगवट्यांवरून बोट फिरवलं. "हा मला द्या," ती म्हणाली.

"हा कशाला? हा तर चांगला नाही," काका म्हणाले.

"असू दे. परत कधी साखर वाढली तर आईला दाखवायला."

काकांनी साचा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला. कागद पुन्हा पुन्हा सुटायला लागला. तेव्हा खारूने दप्तरातून लाल रीळ काढलं, पुडक्याभोवती दोरा गुंडाळला आणि आईच्या समोर त्याला तिची ती वेगळी गाठ मारली, कोणी सोडली तर कळेल अशी.