कीबोर्डनं सुचवलेले शब्द

फोनची काच फुटली, म्हणून लेक मला दुकानात घेऊन गेली. फोन बायकोचा, ती गेल्यापासून मीच वापरतो.

"काका, आयफोन की पुन्हा अँड्रॉइडच?" दुकानातल्या मुलीनं विचारलं.

"आयफोनवर यातलं सगळं येईल?"

"फोटो, नंबर येतील. कीबोर्ड मात्र तुमचे शब्द नव्यानं शिकेल."

मी 'मी' टाइप केलं आणि कीबोर्ड सुचवेल तो शब्द दाबत गेलो. वाक्य झालं, 'मी सांगितलं होतं ना.' माणसामागे त्याच्या वस्तू उरतात हे ठाऊक होतं. टोमणेही उरतात, हे नव्हतं.

"बाबा, आयफोनच घ्या. आई असती तर काय म्हणाली असती?"

मी स्क्रीन तिच्यापुढे धरली. ती वाचून हसली, मग डोळे पुसत दुकानातल्या मुलीला म्हणाली, "याची काच तेवढी बदलून द्या."