शालनला न मिळालेला अधिकार

शालन ओव्हाळ अंबरनाथच्या एका औषध कारखान्यात गोदामाचा साठा कॉम्प्युटरवर चढवायची. १९९६ साली तिथे नवा डेटाबेस आला. तो बसवणाऱ्या वाधवानी मॅडमनी तिला साठ्याचं टेबल, म्हणजे सगळ्या नोंदींचा मूळ तक्ता, उघडायची परवानगीच दिली नाही. आवक-जावक नोंदवणारी एक प्रोसिजर, म्हणजे मॅडमनी तयार करून ठेवलेला छोटा प्रोग्रॅम, तेवढी तिला चालवता येई, आणि ती प्रोसिजर मॅडमच्या अधिकारानं टेबलात लिही. आपल्यावर भरवसा नाही, असं वाटून शालन खट्टू झाली.

दिवाळीच्या सुमारास साठ्याचे जुने आकडे कुणीतरी बदललेले सापडले. मॅनेजरनी सगळ्यांदेखत शालनलाच जाब विचारला. तेव्हा मॅडम उठल्या.

"सर, हिची प्रोसिजर फक्त नवी नोंद घालते. जुनी बदलायला टेबल उघडावं लागतं, आणि तो अधिकार हिला नाहीच. ज्यांना आहे त्यांना विचारा."

मॅनेजर वरमले. त्यांनी तिथेच शालनची माफी मागितली.

बाहेर आल्यावर शालन म्हणाली, "मॅडम, मी तुमच्यावर रुसले होते."

"मालूम होतं गं. पण काही बिघडलं की पहिलं तुलाच धरतील, हे पण मालूम होतं."

त्या रविवारी शालन आईला घेऊन आपल्या हेंद्रेपाड्यातल्या घरून कॅम्प पाच या सिंधी वस्तीत मॅडमच्या घरी गेली. आई मॅडमचे हात हातात धरून बसली.