डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला फोटो

शनिवारी सकाळी साडेआठच्या सुमारास चाकणजवळच्या एका गावात एक माणूस बायकोला शोधत आला. तिची गल्ली त्याला मी काढलेल्या फोटोवरून कळली. गावाचे नाव लिहीत नाही. बाईला इथे सविता म्हटले आहे.

त्याच्या दहा दिवस आधी मी तिला भेटायला निघाले होते. निगडीहून सुटलेली बस तळवड्याच्या चौकात अडकली. पुढे-मागे नव्या मोटारी लादलेले ट्रेलर होते. मी फोनवर नकाशा पाहत होते. कंपनीचा निळा शर्ट घातलेला शेजारचा प्रवासी म्हणाला, "ताई, नकाशाचं काय घेऊन बसलात? ट्रेलरच्या मागं जा, चाकण येतंच." तरी मी चुकून एक थांबा आधी उतरले. इंद्रायणीचा पूल मागे पडला होता. रस्त्याकडेला पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा होत्या आणि दोरीवर एकाच रंगाचे गणवेश वाळत होते.

सविता लातूरकडची. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून दोन वर्षांपूर्वी इथे आलेली. वायरिंगच्या कंपनीत कामाला. नवऱ्याला माग लागू नये म्हणून तिने बटणांचाच फोन ठेवला होता. फोनच्या पाळतीपासून माणसे स्वतःला कशी वाचवतात, यावर मी लिहीत होते.

तिने भाकरी आणि येसर आमटी (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी) वाढली.

"लाइनवरच्या पोरी हसतात," ती म्हणाली. "म्हणतात, ताई, हा फोन म्युझियमला दे." मग म्हणाली, "एक काम करता का म्याडम? मायनं दोन वर्षं माझं तोंड बघितलं नाही. एक फोटो बहिणीला धाडा. पण गाव कळू नये."

"नाही कळणार," मी म्हणाले.

तिला गळ्यातले ओळखपत्र काढायला सांगितले. दारावरचा खोली क्रमांक टाळला. मागे कोरी भिंत घेतली. मग कार्यालयातल्या सवयीने फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला. तसा पाठवला की छपाईला लागणारा दर्जा टिकतो. फोटो कुठे काढला, ही नोंदही टिकते. नव्या वार्ताहरांना हे मीच शिकवते.

शुक्रवारी रात्री सविताच्या नवऱ्याने तिच्या बहिणीच्या हातून फोन हिसकावला. फोटोच्या तपशिलात नकाशा होता.

शनिवारी दुपारी लेखाच्या कामासाठी मी पुन्हा गेले. खोलीला कुलूप होते. घरमालकीण ओट्यावर लसूण सोलत होत्या.

"तुमीच का त्या फोटोवाल्या?"

"हो."

"भईनीनं शेजारच्या फोनवरनं कळवलं, तशी ती पाटंच निघाली. भरलेला डबा तसाच हाय. त्यो आला, दार बडवलं. आमी म्हनलं, हितं कुनी न्हाई."

"कुठे गेली?"

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले. "त्यो फोन आदी पिशवीत घाला."

मी घातला.

"ठाव न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् ठाव असतं तरी तुमाला सांगितलं नसतं, बाई."

परतीच्या बसमध्ये कॅमेऱ्याची ठिकाण नोंदवण्याची सोय बंद केली. तळवड्याचा चौक यायच्या आत ते झाले होते. निगडीला उतरल्यावर संपादकांना फोन करून लेख मागे घेतला. कारण सांगितले.

रविवारी सकाळी अनोळखी क्रमांकावरून फोन आला.

"म्याडम, मी बरी आहे. कुठं ते विचारू नका. तो फोटो पुसा."

"पुसते."

"आत्ता पुसा. मी थांबते."

मी पुसला आणि तसे सांगितले. तिने फोन ठेवला. दुपारपासून तो क्रमांक बंद आहे.