आडनाव नसलेल्या चित्रकर्त्या

त्या तीसेक इटालियन नन्सची नावं मी पुसली. संगणकाने नाही, ‘तांत्रिक अडचणी’ने नाही, मी. आमच्या कंपनीला हे वाक्य आवडत नाही, म्हणून ते आधीच लिहून टाकते.

मी म्युनिकमध्ये सॉफ्टवेअरचं काम करते. संग्रहालयांच्या जुन्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये आणायच्या, हे आमच्या टीमचं काम. सहा वर्षांपूर्वी न्युरेम्बर्गच्या पलीकडच्या एका गावातलं छोटं संग्रहालय माझ्याकडे आलं. कुणा शौकिनाने आयुष्यभर जमवून गावाला दिलेल्या वस्तू होत्या, आणि त्यात दोन खोल्या भरतील एवढं इटलीतल्या मठांमधलं सामान: लाकडी फळ्यांवरची चित्रं, जरीकामाची वेदीवस्त्रं, सोनेरी अक्षरांच्या प्रार्थनेच्या पोथ्या, गाण्यांची हस्तलिखितं. तिकडचे मठ बंद झाले तेव्हा हे सगळं बाजारात आलं होतं.

या सगळ्याच्या नोंदी कार्डांवर होत्या. संग्रहालयाच्या एकाच बाईंनी तीस वर्षं शाईच्या पेनाने लिहिलेल्या. इटलीला पत्रं पाठवून, मठांच्या रोजनिशा वाचून बाईंनी शोधून काढलं होतं की यातलं बरंचसं काम नन्सचंच आहे. एका कार्डावर होतं: ‘चित्र या ननचं. शिकवलं मठातल्याच थोरल्या ननने. हिने पुढे चौघींना शिकवलं. समोर पुरुष बसवून चित्र काढायची मुभा नव्हती, म्हणून खाका छापील चित्रावरून. छाप अमुक चित्रकाराचा.’

“लोकांना वाटतं या बायका भिंतीआड नुसती माळ ओढत होत्या,” बाई मला म्हणाल्या होत्या. “अहो, यांनी नाटकं लिहिली, बसवली. सुरावटी रचल्या. जाळीमागून गायच्या तेव्हा बाहेर ऐकायला गर्दी व्हायची. माळेला वेळ कधी मिळायचा, हा माझा प्रश्न आहे.”

आता मी काय केलं ते. आमच्या डेटाबेसमध्ये कलाकाराचं आडनाव सक्तीचं होतं. ननला आडनाव नसतं. मठात गेली की घरचं नाव सुटतं आणि नवं मिळतं. ‘सिस्टर’ हा शब्द मी पदवी म्हणून गाळायला लावला, उरलं नुसतं एक नाव, आणि प्रोग्रॅमने ती नोंद परत फेकली. काम द्यायची तारीख जवळ आली होती. मी नियम लिहिला: आडनाव नसेल तर त्याच कार्डावरचा आडनाव असलेला माणूस घ्या, तोही नसेल तर ‘अज्ञात’. अशा रीतीने ज्याचा फक्त छाप वापरला होता तो पुरुष चित्राचा कर्ता झाला. जरीकामाच्या आणि पोथ्यांच्या बायका अज्ञातात गेल्या.

बाईंनी चाचणीच्या वेळीच हे पकडलं. “तुमच्या मशीनला आडनावाशिवाय माणूस दिसत नाही का? मग येशूचं काय करणार?”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. “आणि एकाच नावाने ओळखले जाणारे मोठे चित्रकार? ते तर व्यवस्थित आलेत.”

ते आले होते, कारण त्या पुरुषांची यादी मी हाताने केली होती. अपवाद म्हणून. सगळ्या जगाला माहीत असलेली नावं, एका दुपारचं काम. नन्सची यादी करायलाही एक दुपारच लागली असती.

मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं. पहिलं नावही बदललं, आडनाव तर बदललंच. जर्मनीत आल्यावर आउसलेंडरबेहर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या कचेरीच्या, खिडकीतल्या माणसाने माझी इंजिनियरिंगची पदवी उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “ही कोण?” ही मीच, हे सिद्ध करायला पुण्याहून प्रतिज्ञापत्र मागवावं लागलं, त्याचं भाषांतर, त्यावर शिक्का. तीन महिने मला पदवी नव्हती. इतकं सोसलेल्या बाईने तो नियम लिहिला.

सिस्टिम सुरू झाल्यावर बाईंची लेखी तक्रार आली. उत्तर मी दिलं: ‘कार्डांमधली माहिती विसंगत आहे. सिस्टिम नियमानुसार चालते.’ तक्रार बंद. नव्या संचालकांनी ते उत्तर खरं मानलं. बाई निवृत्तीआधी नन्सच्या कामाचं एका खोलीचं प्रदर्शन मांडणार होत्या, ते रद्द झालं. निरोप समारंभात संचालक सगळ्यांसमोर म्हणाले, की बाईंच्या उत्साहाला पुराव्याची जोड असती तर बरं झालं असतं. मी तिथे होते. केक खात होते.

सहा वर्षं मी गप्प राहिले. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

या मार्चमध्ये सिस्टिमच्या नव्या आवृत्तीसाठी त्याच संग्रहालयात बैठक होती. संचालक म्हणाले, “आल्झो, तर मग जुनी कार्डं आता रद्दीत काढतो. सगळं डेटाबेसमध्ये आहेच.”

“नाही,” मी म्हणाले. “सगळं नाही.”

आमचा टीमलीड पुण्याचाच, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तो लॅपटॉपकडे बघत मराठीत पुटपुटला, “ताई, हे आपण ट्रेनमध्ये बोलू.”

“सहा वर्षं ट्रेनमध्येच बोलतेय मी, स्वतःशी,” मी त्याला म्हणाले. मग सगळ्यांना कळेल अशा जर्मनमध्ये सांगितलं: कार्डं बरोबर होती. नियम माझा होता. तक्रारीचं उत्तर खोटं होतं आणि ते लिहिताना मला ते माहीत होतं.

संचालकांनी चष्मा काढून पुसला. कार्डं फेकणार नाही, एवढं ते म्हणाले.

ट्रेनमध्ये टीमलीड म्हणाला, “मी वरिष्ठांना काय सांगू?”

“मी जे बोलले ते.”

“ते म्हणतील, पत्रात ‘डेटा स्थलांतरातल्या मर्यादा’ लिहा.”

“मर्यादेला हात नसतात रे. टाइप मी केलं.”

कंपनीने खरोखरच तसा मजकूर पाठवला आणि सही मागितली. मी केली नाही. एका पानाचं स्वतःचं पत्र लिहून संचालकांना पाठवलं. पुढच्या आठवड्यात मला त्या कामावरून काढलं. काढू देत.

पत्राची प्रत घेऊन मी बाईंच्या घरी गेले. त्यांनी दारातच वाचायला सुरुवात केली, मग आत बोलावलं. कॉफी विचारली नाही. वाचून झाल्यावर पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं.

“मी ती कार्डं मनातल्या मनात पुन्हा पुन्हा तपासली,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षं. मला वाटलं माझंच वाचन चुकलं.”

“तुमचं काही चुकलं नव्हतं.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. हे मला आज कळतंय.” त्यांनी पत्र घडी करून टेबलावर ठेवलं. “तुम्हाला मी माफ करावं असं वाटत असेल, तर ते आज जमणार नाही.”

“मी त्यासाठी आले नाही,” मी म्हणाले. हे पूर्ण खरं नव्हतं, पण तेवढं ठीक आहे.

“हे फक्त संचालकांना गेलं?”

“हो.”

“निरोपाला चाळीस माणसं होती. चाळिसांनी ऐकलं.” त्या उठल्या, कपाटातून पत्त्यांची वही आणली, चष्मा लावला आणि माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. “लिहून घ्या. जे वारले त्यांचे सोडते.”

मी लिहायला लागले.