मावशींच्या नाकाची शिकवणी

साबणाच्या त्या कारखान्यात यंत्रं होती, मापं होती, देखरेखीला माणसं होती, पण शेवटचा शब्द मावशींच्या नाकाचा. कढईत साबण शिजून त्यात सुगंध मिसळला की मावशी कागदाची पट्टी बुडवत, डोळे मिटून हुंगत आणि कढईच्या काठावर खडूने एक रेघ ओढत. रेघ नाही तर साचे भरायचे नाहीत. मग मालक स्वतः येऊन उभे राहोत की आणखी कोणी!

खरं तर त्या लागल्या होत्या पॅकिंगमध्ये. एकदा डबा खायला जाताना कढईपाशी थबकल्या आणि म्हणाल्या, "तेल खवट आहे हो." कढईवाला हसला. तेलाचं पिंप उघडल्यावर त्याचं हसू मावळलं आणि मावशींची बदली झाली ती कायमची.

कारखान्याच्या वाढदिवसाला मालक भाषणात म्हणाले, "आमच्या मावशींकडे फ्लेअर आहे!" टाळ्या पडल्या. मावशींनीही वाजवल्या. आपल्याकडे नक्की काय आहे ते त्यांना घरी जाऊन लेकीला विचारायचं होतं. लेक कॉलेजात इंग्रजी शिकवायची. वह्या तपासता तपासता ती म्हणाली, "उपजत देणगी गं आई. शिकून न येणारी."

झालं! मावशींना तो अर्थ इतका आवडला की ऊठसूट तोच. त्यांची धाकटी जाऊ पॅकिंगमध्ये होती आणि आता तिथली प्रमुखही झाली होती. पण तिचा सगळा जीव कढईच्या खोलीत.

"ताई, मला शिकवा ना वास ओळखायला," ती एकदा म्हणाली.

"शिकवायला ते काय विणकाम आहे? उपजत लागतं ते," मावशींनी तोडून टाकलं.

धाकटीने पुन्हा विषय काढला नाही. त्या दिवसापासून खालच्या मजल्यावरच्या तिच्या स्वयंपाकघरातून भांडी जरा जास्तच वाजू लागली, एवढंच.

मग मावशींना ताप आला. उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. कॉफी म्हणजे गरम पाणी, फुलं म्हणजे रंगीत कागद. मावशींनी कोणाला सांगितलं नाही. शिकलेलं विसरलं तर पुन्हा शिकता येतं, पण उपजत होतं ते गेल्यावर आणायचं कुठून? कढई सुटली की परत पॅकिंग, आणि तेही धाकटीच्या हाताखाली. त्यापेक्षा गप्प राहून कामावर गेलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कढईवाला सुगंध घालायचाच विसरला. मावशींनी पट्टी हुंगली, डोळे मिटले, "झकास!" म्हणाल्या आणि रेघ ओढून मोकळ्या झाल्या.

संध्याकाळी धाकटी वर आली आणि टेबलावर साबणाची एक वडी ठेवली. "ताई, कसला वास आहे याला?"

मावशींनी वडी नाकाशी नेली. "लव्हेंडर."

"याला वासच नाही, ताई."

मावशींचा चेहरा पडला. वडी त्यांनी टेबलावर ठेवली. मग पुटपुटल्या, "कोणाकोणाला सांगितलंस?"

"कोणाला कशाला सांगू? तडे गेलेत असं सांगून सगळ्या वड्या परत वितळायला पाठवल्या. कढईवाला तर स्वतःच घाबरलाय, तो कसला बोलतोय!"

जिला शिकवायलाही नकार दिला तिनेच पाठीशी घालावं? मावशींना रडू फुटलं. आवाज ऐकून लेक आतून आली. सगळं ऐकून घेतल्यावर तिने कपाळाला हात लावला.

"आई, चूक माझी. मी तुला त्या शब्दाचा अलीकडचा अर्थ सांगितला, मुळातला सांगितलाच नाही. पूर्वी इंग्रजीत फ्लेअर म्हणजे नुसता वास. तो आला जुन्या फ्रेंचमधून, तिथे हुंगणं या अर्थाचं क्रियापद आहे. त्याच्याही मागे लॅटिनमधलं दरवळणं. शिकारी कुत्रा माग काढतो ना, तसलं हुंगणं. पाहताक्षणी पारख करणं, उपजत देणगी, हे सगळं मागाहून चिकटलंय."

मावशींनी डोळे पुसले. "म्हणजे मालक मला भर सभेत कुत्रा म्हणाले?"

धाकटी फस्सकन हसली. मग मावशींनाही हसू आवरेना.

"पण ताई," धाकटी म्हणाली, "कुत्र्याचा माग सुटला तर तो घरी येऊन रडत बसतो का? पुन्हा जमिनीला नाक लावतो की नाही?"

दुसऱ्या दिवशी लेकीने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, रोज चार वेगळे वास मन लावून हुंगा. येईलच अशी खात्री नाही, पण पुष्कळांचा परत येतो.

मावशींनी मालकांकडून धाकटीला मदतीला मागून घेतलं. का, ते सांगितलं नाही. आता हुंगायची धाकटी आणि रेघ ओढायच्या मावशी. संध्याकाळी घरी लिंबू, लवंग, गुलाब आणि निलगिरीच्या बाटल्या निघत. मावशी डोळे मिटून बसत, धाकटी एकेक बाटली पुढे करी. मग पाळी उलटायची आणि मावशींच्या अंगात मास्तरीण संचारायची. "नुसतं छान काय म्हणतेस? आधी काय आलं? मागे काय रेंगाळलं? परत घे!" आपल्याला इतकं सांगता येतं याचं त्यांनाच नवल वाटे. एका सकाळी एकट्याच हुंगत असताना निलगिरीच्या बाटलीतून त्यांना काहीतरी जाणवलं. वास नव्हे, वासाची चाहूल. तेवढ्यावर त्या दिवसभर गुणगुणत राहिल्या.

मग एके दिवशी घाईची मागणी आली. गाडी दारात, साचे मांडलेले. धाकटीने पट्टी हुंगली आणि हळूच म्हणाली, "ताई, करपल्यासारखं येतंय."

कढईवाला तडकला. "माझी कढई कधी करपत नाही!"

मालक म्हणाले, "हिचं राहू द्या. मावशी, तुमचं नाक काय म्हणतं?"

मावशींनी पट्टी घेतली. लव्हेंडर पुसटसं आलं, करपट काही नाही. सगळे त्यांच्याकडे बघत होते. नुसती मान हलवली असती तरी इज्जत शाबूत राहिली असती.

"माझं नाक तापात गेलं होतं, मालक," त्या म्हणाल्या. "आता थोडं थोडं परत येतंय. हिला आला तो वास मला आलेला नाही. पण साचे भरू नका. हिला आलाय ना, मग आहे."

मालकांनी स्वतः लांब दांड्याचा झारा तळापर्यंत घातला आणि खरवडून वर काढला. काळी खरपुडी निघाली. कढईवाला खिडकीबाहेर बघू लागला.

"इतके दिवस मला सांगितलं का नाही, ते आपण नंतर बोलू," मालक म्हणाले. मग धाकटीकडे वळले. "हिच्याकडेही उपजतच आहे म्हणायचं का?"

"उपजत कसलं आलंय!" मावशी म्हणाल्या. "रोज संध्याकाळी माझं डोकं खाऊन शिकलीय ती. मी शिकवलंय तिला. आणि तिच्याकडून मी शिकतेय."

धाकटीने पदर डोळ्यांना लावला. मालकांनी गाडी परत पाठवली, कढई घासायला सांगितली आणि दोघींनाही उद्या वेळेवर या म्हणाले.