विनूचं यंत्र खाडीवर उडालं तेव्हा...

लिहू की नको, या विचारात बरेच दिवस गेले. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, देवगडला टीव्ही-इन्व्हर्टर रिपेअरिंगचं दुकान चालवते. वस्तू बंद पडली तर कुठेतरी सोल्डर सुटलेलं असतं, चालू झाली तर कुठून तरी करंट येत असतो — यापलीकडे माझा कशावर विश्वास नव्हता. गाऱ्हाणी, कौल, झाडावरची भुतं... आमच्या गावात या गोष्टींना तोटा नाही, मी ऐकून सोडून द्यायचे. पण ही गोष्ट माझ्या स्वतःच्या हातातली आहे. अगदी शब्दशः हातातली.

आमचं घर मिठबावला, खाडी समुद्राला मिळते तिथून हाकेच्या अंतरावर. घरात आई, मी आणि माझा धाकटा भाऊ विनू. विनू होडीवर जायचा. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, पावसाळ्याच्या आगेमागे तिथे लाटा फुटतात. २००८ साली आमच्या शेजारचा एक माणूस तिथेच होडी उलटून गेला. किनाऱ्यावर अख्खं गाव उभं होतं. दोरी फेकत होते, ती पोचत नव्हती. विनू त्या दिवशी घरी आला तो जेवला नाही.

"ताये, दोरी पोचली आसती तर तो वाचलो आसतो," एवढंच म्हणाला.

मग त्याच्या डोक्यात ते यंत्र शिरलं. देवगडच्या सायबर कॅफेत बसून त्याने कुठल्या तरी परदेशी माणसाचे फोटो बघितले — चार मोटरी, चार पंखे, मध्ये बोर्ड. तेव्हा आमच्याकडे ड्रोन हा शब्दही कुणाला ठाऊक नव्हता, आम्ही यंत्रच म्हणायचो. समुद्रावरून तंगूस, म्हणजे मासे धरायची नायलॉनची बारीक दोरी, घेऊन जाईल, तंगुसाला मागे जाड दोरखंड बांधायचा, अशी त्याची कल्पना. मोटरी आणि त्यांचे ईएससी मुंबईच्या मित्राने पाठवले. ईएससी म्हणजे मोटरचा वेग ठरवणारा छोटासा डबा, प्रत्येक मोटरला एक. त्याला सतत बारीक पल्स द्यावे लागतात. पल्स किती रुंद, त्यावर मोटर किती जोरात फिरणार ते ठरतं. पल्स नाही, तर मोटर नाही. नुसती बीप-बीप करत बसते.

ते पल्स देणारा बोर्ड मी घरी केला. तांब्याची प्लेट मागीलदारी प्लास्टिकच्या टबात अ‍ॅसिडने कोरली, त्यात चिपसाठी सॉकेट बसवलं, प्रोग्रॅम लिहून चिपमध्ये भरला. हातातल्या रिमोटचा सिग्नल त्या चिपमध्ये जायचा आणि तिथून चारी ईएससींना. पहिल्यांदा ते वर उठलं तेव्हा विनू वाळूत लोळून हसला होता. नंतर हात असा बसला त्याचा की बघत राहावं! माझ्या हातात ते माजलेल्या बोकडासारखं उधळायचं, त्याच्या हातात घारीसारखं तरंगायचं.

२००९ च्या पावसात तो लावणीला शेतात उतरला आणि तापाने पडला. साधा ताप वाटला. मग डोळे पिवळे झाले. लेप्टो, डॉक्टर म्हणाले. ओरोसच्या जिल्हा इस्पितळात नेला, तिथे सगळ्यांनी शर्थ केली... पण नाही राहिला. सव्वीस वर्षांचा होता.

यंत्र पडवीत खुंटीला टांगलं. आई रोज ते फडक्याने पुसायची. चुकून चालू होऊन तिची बोटं पंख्यात जातील या भीतीने मी बोर्डवरची चिप काढून घेतली, सॉकेटवर काळी टेप चिकटवली आणि चिप दुकानातल्या सुट्या सामानाच्या डब्यात टाकली. तशी दुसरी चिप नव्हती. बॅटरी मात्र अधूनमधून चार्ज करत राहिले — का, ते विचारू नका.

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. एका सकाळी मी दुकानात निघाले होते आणि किनाऱ्याकडून ओरडा ऐकू आला. दाजीकाकांची होडी दांड्यावर उलटली होती. दाजीकाका आणि त्यांचा मुलगा महेश — विनूचा जिवलग दोस्त — पालथ्या होडीला धरून होते. लाट आली की दोघं दिसेनासे व्हायचे. दुसरी होडी घालायला गेले तीही लाटेने परत वाळूवर फेकली.

दाजीकाकांची बायको माझ्याकडे धावत आली. "सुमे, विनूचा ता यंत्र खंय आसा? हाड गो! हाड!"

मी पळत घरी गेले. खुंटीवरून यंत्र काढलं, बॅटरी, रिमोट, तंगुसाचं रीळ घेतलं आणि पळत परत आले. चिपची आठवणही झाली नाही. खरंच नाही झाली. वाळूवर ठेवून तंगुसाचं एक टोक यंत्राच्या आकड्यात नुसतं अडकवलं, दुसऱ्याला कुणीतरी दोरखंड बांधला, बॅटरी जोडली, चारी मोटरी नेहमीसारख्या सूर लावून गप्प झाल्या, पंखे फिरले आणि ते उठलं.

माझ्या हातात रिमोट होता. दांडी मी उजवीकडे ढकलत होते, वारा उजवीकडून मारत होता म्हणून... आणि ते माझं ऐकत नव्हतं. ते स्वतःच वाऱ्यात थोडं तिरपं झालं आणि लाटांवरून सरळ निघालं. अजिबात न डगमगता. मी दांडीवरचा अंगठा काढून घेतला. तरी ते जात राहिलं.

महेशने नंतर सांगितलं, "ता माझ्या माथ्यार इला आणि थांबला. मगे एकदा खाली वाकला गो सुमनताये." विनू वाळूवर उडवायचा तेव्हा महेश दिसला की यंत्राला असंच वाकवून रामराम घालायला लावायचा.

तंगूस महेशच्या हाती लागलं. त्याने मागचा दोरखंड ओढून घेतला, बापाच्या कमरेला बांधला, स्वतः धरला, आणि गावाने दोघांना ओढून काढलं. सगळे त्यांच्याकडे धावले. यंत्र परत आलं आणि माझ्या पायांशी वाळूवर उतरलं — हळूच, ठेवल्यासारखं.

बॅटरी काढायला मी ते उलटं केलं आणि काळी टेप दिसली. जशी लावली होती तशीच. नखाने सोलली. खाली सॉकेट रिकामं.

 

तशीच दुकानात गेले, डबा उपडा केला. चिप त्यात होती.

आईला सांगितलं. वाटलं, घाबरेल. ती शांतपणे म्हणाली, "माका एकदा दाखय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वाळूवर गेलो. चिप न घालता बॅटरी जोडली. नुसत्या बीपा. परत जोडली. परत तेच. आई वाट बघत उभी. मला तिचं तोंड बघवेना, म्हणून मी चिप बसवली आणि रिमोट घेतला. यंत्र उठलं, लगेच झोकांड्या खायला लागलं. मी कसंबसं वर ठेवलं.

आई थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "खाली घे गो. ह्या तू उडयतंस. ह्यो विनू नाय."

आणि तिथेच बसून रडली. विनू गेल्यापासून ती रडली नव्हती. शेजारणी सांगून थकल्या होत्या. मी तिच्या शेजारी बसले. समुद्र त्या दिवशी अगदी शांत होता.

बोर्ड मी कितीदा तपासला. रिसीव्हरचा सिग्नल चिपशिवाय ईएससींपर्यंत जाईल अशी वाटच त्यात नाही. माझा एक वर्गमित्र आता मोठ्या कंपनीत आहे, तो म्हणतो तू गडबडीत चिप घातली असशील. मग डब्यातली कुठली?

वाळूवरून आलो त्या संध्याकाळी आईने विनूची पेटी उघडली. वर्षभर कुणाला हात लावू दिला नव्हता. त्याचे शर्ट एकेक करून झटकले, घडी घातली आणि महेशला बोलावून त्याच्या हातात दिले. "वापर रे," म्हणाली. "तुका होतीत."